हिरव्या नोटेवरचा राजा

"बेन, ही नोट खोटी आहे," रमणीकशेठ म्हणाले आणि त्यांनी पेटीतला जांभळा दिवा बंद केला.

फुई काहीच बोलली नाही. आमच्या नंदुरबारकडे आत्याला फुई म्हणतात. माझी फुई, लटकनबाई, भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत कुणालाही दोन वाक्यांत गार करणारी बाई. ती गप्प बसलेली मी तोवर पाहिलीच नव्हती. तिने नुसता पदर सारखा केला.

बोलले मी. "खोटी कशी? नीट बघा ना."

"नीटच बघितली बेटा."

"कुठे नीट? पेटीत घातली, काढली, झालं."

"वैजू," फुई हळूच म्हणाली.

"वैजू काय? पन्नास रुपयांच्या घड्याळाला तुम्ही अर्धा तास भिंग लावून बसता, शेठ. आमच्या नोटेला एक मिनिट?"

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. शाळा नववीतच सोडलेली. म्हणजे शाळेने आणि मी एकमेकींना सोडलं होतं. त्यानंतर मोबाइलच्या दुकानात वर्षभर काम केलं, तेही मालकावर स्क्रूड्रायव्हर फेकून सोडलं. हात मात्र बसला होता. फोन उघडला की आत काय बिघडलंय ते मला दिसायचं. सुरतला एक जण चिपपर्यंतचं काम शिकवतो असं कळलं होतं आणि माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. आप्पा मिरची वाळत घालायच्या पथारीवर मुकादम होते. ते म्हणाले, "पोरीची जात, सुरतला कशाला?" माय म्हणाली, "आधी राग सोडायला शिक."

फुईने तेव्हा मधे तोंड घातलं नव्हतं. चार दिवसांनी भर उन्हात ती मला म्हणाली, "चप्पल घाल. बाजारात जायचंय." तिच्या पिशवीत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली ती नोट होती. आमच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीच्या मागे असायची, ती परदेशी हिरवी नोट.

"विकायची," ती म्हणाली. "तुला सुरतेला जायला."

"तुझी सिस्टरची नोट?"

"माझीच आहे ना? मग चल."

यापुढे तिने एक अक्षर सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. सुरत म्हटल्यावर मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

रमणीकशेठचं घड्याळांचं दुकान मंगळ बाजारामागच्या गल्लीत होतं. घड्याळांवर त्यांचं पोट चालायचं, पण जीव होता जुन्या नोटांत. काउंटरच्या काचेखाली देशोदेशीच्या नोटा मांडलेल्या. लांबून लांबून माणसं त्यांच्याकडे विकायला यायची. त्यांनी आमची नोट पाहिली तेव्हा आधी त्यांचा चेहरा फुललाच होता.

"स्वीडन," ते म्हणाले होते. "दहा क्रोनर. वा. ही माझ्याकडे नाही." जाडजूड पुस्तक काढून त्यांनी चित्र जुळवलं. उजवीकडे चष्मेवाला म्हातारा राजा. मधे त्यांचं राजचिन्ह आणि त्याच्याभोवती बारीक रेघांची जाळी. मागच्या बाजूला काळोख्या आभाळात उजेडाचे पट्टे आणि बर्फाचा एक मोठा कण, आपल्या रांगोळीतल्या चांदणीसारखा. सगळं जुळलं. मग त्यांनी नोट पेटीत सरकवली, जांभळा दिवा लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ऐक छोकरी, चिडू नको," ते आता मला समजावत होते. "जुन्या नोटांचा कागद चिंध्यांचा असतो. या दिव्याखाली तो मेल्यासारखा काळपट दिसतो. बाजारातला नवा पांढरा कागद असला की निळा चमकतो. बघ." त्यांनी पुन्हा दिवा लावला.

नोट निळी चमकली. कडेपासून कडेपर्यंत.

"आणि हा पिवळा डाग बघ. राजाच्या कपाळावर. छापणाऱ्याचा काहीतरी डिंकबिंक सांडला असणार. आणि तिसरी गोष्ट." त्यांनी माझं बोट धरून राजाच्या कोटावर फिरवलं. "काय लागतं?"

"काही नाही. गुळगुळीत."

"तेच. खऱ्या नोटेवर चित्र दाबून छापतात. शाई वर उठलेली असते, बोटाला खरखरीत लागते. ही सपाट आहे. छाप सुरेख आहे, मी नाही म्हणत नाही. कुणीतरी मन लावून नक्कल केली आहे. बेन, कुणी दिली तुम्हाला?"

"सिस्टरने," फुई म्हणाली.

"कोण सिस्टर?"

"मिशनच्या दवाखान्यात होती. मी तिथं आया होते. तिच्या देशाला परत गेली तेव्हा दिली."

शेठ जरा चुळबुळले. "मग त्या बाईंनाही कुणी फसवलं असेल. किंवा..." पुढचं ते बोलले नाहीत. फुईच्या चेहऱ्याकडे बघून बोलवलं नसणार.

पण फुईने ते वाक्य मनातल्या मनात पुरं केलं. मला दिसलं. दवाखान्याचं सगळं आयुष्य ती आम्हाला सांगायची. सिस्टर गुनीला बाळंतिणींना अहिराणीत शिव्या द्यायला कशी शिकली, पुरणपोळीला "गोड कागद" कशी म्हणायची, फुईच्या नवऱ्याने तिला टाकलं तेव्हा त्याच्या दारात जाऊन तिची पेटी कशी उचलून आणली. सगळ्या जगात फुईचं माणूस म्हणावं असं ते एकच होतं आणि ते सात समुद्रांपलीकडे होतं.

"गुंडाळ गं वैजू," ती म्हणाली. "घरी जाऊ. खोटी तर खोटी." मग अगदी हळू, माझ्याकडे न बघता, "आयाला काय कळतंय, असं वाटलं असेल तिला."

तेवढ्यावर माझं डोकं फिरलं. सुरत बिरत सगळं उडून गेलं.

"अशी कशी खोटी?" मी ती पेटीच धरली. "तुमची पेटीच बिघडलेली असेल. मी उघडून बघते."

"अरे, अरे, सोड. नळी फुटेल."

"फुटू दे."

ओढाओढीत पेटी काउंटरवर गर्रकन फिरली आणि तिचं तोंड शेठकडे झालं. दिवा चालूच होता. शेठचा पांढरा सदरा छातीपासून बाहीपर्यंत निळा पेटला. नोटेचा होता तोच निळा.

मी हात सोडले.

"शेठ, तुमचा सदरा खोटा आहे का?"

"काय बोलते ही?"

"खाली बघा."

त्यांनी खाली बघितलं. फुईनेही मान वळवली. शेठनी बाही दिव्याखाली नेली, बाहेर काढली, परत नेली.

मला मोबाइलचं दुकान आठवलं. स्क्रीनवर काच चिकटवायचा एक डिंक असतो, तो असल्याच जांभळ्या दिव्याखाली सुकतो. दिवा लावला की माझी पांढरी ओढणी अशीच चमकायची आणि मालक म्हणायचा, आली बघा भुताटकी. धुवायला टाकायच्या आधीची नवीकोरी ओढणी मात्र तेवढी चमकली नव्हती. तेव्हा मी ते बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता ते एकदम जागेवर बसलं.

"शेठ, सदरा कशाने धुतात तुमच्याकडे?"

"मला काय माहीत. पावडरने. शुभ्र निघतो त्या पावडरने."

मी फुईकडे वळले. "फुई, तू नोट धुतलीस?"

फुई काउंटरच्या काचेकडे बघत राहिली.

"फुई."

"धुतली," ती म्हणाली. "मग काय तशीच आणायची?"

शेठनी डोक्याला हात लावला. "नोट धुतली? बेन, नोट कुणी धुतं का?"

"तुम्ही नका सांगू शेठ. तुम्ही पाहिली नाही तिची दशा. दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावते मी तिला. घरात जेवढं धन असेल ते मांडायचं ना पाटावर? माझ्याकडे तीच एक होती. इतकी वर्षं लावलं. राजाचं कपाळ लालेलाल झालं होतं, पार नाकापर्यंत. परक्या माणसाला असा दाखवायचा? काल बसले, पावडर घेतली, फेस केला, हळूहळू चोळला. कुंकू गेलं सगळं." तिने दम घेतला. "हळद जरा राहिली असेल."

मी पेटी सरळ केली आणि नोट आत सरकवली. राजाच्या कपाळावरचा तो पिवळा डाग. एका बोटाएवढा, खालून वर ओढलेला.

"डिंक," मी शेठना म्हटलं.

शेठ हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत. "आणि बेन, इस्त्री पण केली का?"

"इस्त्री कुठली आमच्याकडे? तांब्यात कडकडीत पाणी घेतलं आणि वरनं फिरवला. चांगला दाबून. चुरगळली होती ना."

"झालं. राजाचा कोट सपाट झाला." त्यांनी डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाले. "पण असं बोलून होत नाही. धुतल्याने चमकते हे तू म्हणतेस. मला दिसलं पाहिजे."

"दाखवते. एखादी जुनी नोट द्या. फाटकी चालेल."

त्यांनी खालच्या खणातून एक रुपयाची एक जुनी, कोपरा गेलेली नोट काढली. आधी ती पेटीत घातली. काळपट, मेलेली. मी पळत शेजारच्या वाण्याकडून पावडरची पुडी आणली. शेठनी स्वतःच चहाच्या ग्लासात पाणी घेतलं. मी फेस केला, नोट बुडवली, फुईने जशी चोळली असेल तशी चोळली, आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवून वर दोन घड्याळांचे पट्टे वजनाला ठेवले. नंदुरबारचं मे महिन्याचं ऊन. बघता बघता सुकली.

तेवढ्या वेळात भिंतीवरची सगळी घड्याळं आपापली वेळ दाखवत टिकटिकत होती. फुई पायरीवरच्या नोटेकडे असं बघत होती, जसं दवाखान्यात ती बाळंतिणीच्या खोलीच्या दाराकडे बघत असेल.

शेठनी नोट उचलली, फुंकर मारली, पेटीत सरकवली.

निळी चमकली.

"बरं," शेठ म्हणाले. एवढंच. मग त्यांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं, आमची हिरवी नोट दोन बोटांत धरली आणि तिच्यावर वाकले ते वाकलेच. मघाशी त्यांनी नोट तपासली नव्हती, पेटीच्या भरवशावर सोडली होती. आता ते बघत होते.

"ये इकडे," ते मला म्हणाले. "हे लाव. राजाचे केस बघ. काय दिसतं?"

"रेघा."

"तुटलेल्या? ठिपक्यांच्या?"

"नाही. अख्ख्या. एकेक केस वेगळा आहे. कानामागे बारीक होत जातो."

"नक्कल छापली की भिंगाखाली ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. ही रेघ कुणीतरी हाताने पोलादात कोरलेली आहे. आता मधली जाळी बघ. तांबडी रेघ आणि निळी रेघ. एकमेकींवरून जातात, पण कुठे चढतात का? कुठे सरकतात?"

"नाही."

"दोन रंग, आणि एक केसभर चूक नाही. हे घरच्या मशीनवर होत नाही." मग त्यांनी नोट दारातल्या उन्हासमोर धरली. "आणि आता आतला माणूस."

कागदाच्या पोटात एक चेहरा होता. विस्कटलेल्या केसांचा, मिशीवाला. एकाखाली एक तोच चेहरा, पुन्हा पुन्हा.

"हा मघाशी पण दिसला होता," शेठ म्हणाले. "पण नकली नोटेवर मेणाच्या शिक्क्याने असला चेहरा वरून उठवतात, म्हणून मी तो हिशेबात धरला नाही. शिक्क्याचा चेहरा कडेला कापल्यासारखा संपतो. हा बघ, गालाजवळ कसा विरघळतोय. ढगासारखा. कागद ओला असतानाच तो आत बसलाय. म्हणून तो धुवून जात नाही, बेन. कितीही चोळा."

"मी कशाला त्याला चोळू?" फुई म्हणाली. "सिस्टरने दाखवला होता तो. म्हणाली होती, राजा सगळ्यांना दिसतो, हा फक्त उजेडात धरणाऱ्याला दिसतो."

शेठनी नोट काउंटरवर ठेवली. दोन्ही हातांनी, तिच्याकडे तोंड करून. "बेन, खरी आहे. तुमच्या सिस्टरने खरी नोट दिली."

फुईने मान हलवली. पदराने नाक पुसलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"मघाशी तर म्हणत होतीस..." मी सुरू केलं.

"गप गं."

शेठनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगून टाकली, सरळ माणूस असल्यामुळे. "बेन, खोटं बोलणार नाही. अशा नोटा तिकडे खूप छापल्या गेल्या. दुर्मिळ नाही. आणि धुतलेली नोट संग्रहवाले हलकी धरतात. मी दोनशे देईन. मला पाहिजे आहे म्हणून. दुसरा एवढेही देणार नाही."

मी उठलेच. दोनशेत सुरतची कसली शिकवणी, कसलं राहणं. पण मला त्याचा राग आला नव्हता हे मला आजही नवल वाटतं. मी नोट उचलली आणि साडीच्या तुकड्यात घालायला लागले. "नाही विकायची. चल फुई."

फुईने माझा हात धरला. "शेठ, इथनं सुरतेच्या बसला किती लागतात?"

"तेवढेच. दोनशेच्या आतबाहेर."

फुई हसली. बऱ्याच वेळाने, मोकळी, सगळे दात दाखवत. "मग सिस्टरचा हिशेब बरोबर आहे."

"कसला हिशेब?" मी विचारलं.

"जाताना ती स्टेशनवर म्हणाली, लटकन, तू माझ्याकडे येशील तेव्हा गाडीतनं उतरलीस की बाहेर बस उभी असते. माझ्या गावाची. तिथं तुझे रुपये चालणार नाहीत, हे त्या बसवाल्याला दे." फुईने नोटेवरचा पट्ट्यापट्ट्यांचा उजेड बोटाने दाखवला. "म्हणाली, थंडीत ये. आभाळ असं होतं तिकडे."

"मग तू..."

"मी कुठली जाते? विमानाचं कोण देणार? बसचं तेवढं होतं माझ्याकडे."

शेठनी चहाचा ग्लास तोंडाला लावला नाही. मी साडीचा तुकडा आणखी घट्ट केला. "म्हणून तर नाही विकायची. तुझी आहे ती. मी कसंही जाईन."

"कशी जाशील? आप्पाशी भांडून? अर्ध्या रस्त्यातून परत येशील, तुझा राग उतरला की." तिने माझ्या हातातून तुकडा काढून घेतला, शांतपणे, लहान पोराच्या हातातून कात्री काढतात तसा. "वैजू, बसच्या भाड्याची नोट पाटावर बसवून मी तिची पूजा केली. दरसाल. त्याने बस काही दारात आली नाही. तिने जायला दिली होती. कुणीतरी जा बाई."

तिने नोट उघडली, एकदा उन्हाकडे धरून आतल्या माणसाला बघितलं, आणि शेठच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी काउंटरच्या काचेखालच्या नोटा सरकवल्या, मधोमध जागा केली, आणि राजाला तिथे ठेवला. बाजूला रशियाची नोट होती, ती त्यांनी कोपऱ्यात ढकलली.

आप्पांना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. माजघरात दोघं बसले होते आणि आतून फक्त फुईचाच आवाज येत होता. सकाळी आप्पा मला स्टँडवर सोडायला आले. राहण्याचं त्यांनीच ठरवलं, मिरचीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी. शिकवणीचं मी त्या सुरतवाल्याच्या दुकानात झाडण्यापासून सगळं करून फेडलं. त्याच्यावर काही फेकलं नाही. एकदा हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं.

दिवाळीला मी पहिल्यांदा घरी आले. संध्याकाळी फुई घरात नव्हती. माय म्हणाली, "गेली तिच्या राजाकडे."

रमणीकशेठच्या दुकानात त्यांचं वहीपूजन मांडलं होतं. काउंटरला झेंडूची माळ, शेठ शुभ्र धुतलेल्या सदऱ्यात. फुई हातात पंचपाळं घेऊन काउंटरवर वाकली होती.

"काचेवर, बेन, काचेवर," शेठ म्हणत होते. "नोटेला हात नाही लावायचा."

"मला सांगू नका. माझा राजा आहे, मला माहीत आहे कुठे लावायचं."

तिने काचेवर, बरोबर राजाच्या कपाळाच्या वर, आधी हळद लावली, मग कुंकू. शेठनी मला बघितलं, डोळे मिचकावले, दुकानाचे दिवे घालवले आणि पेटीचं तोंड तिकडे करून जांभळा दिवा लावला. शेठ निळे झाले. फुईच्या धुतलेल्या साडीची पांढरी नक्षी निळी झाली. काचेखालच्या मेल्यासारख्या काळपट नोटांत एकच नोट निळी पेटली, आणि राजाच्या कपाळावर दोन पिवळी बोटं दिसली, एक काचेवरचं, एक आतलं.

"बघ," फुई म्हणाली. "आभाळ असंच दिसत असेल तिकडे."

मग ती माझ्याकडे वळली. मी आलेय हे तिला आधीच कळलं होतं, पण पूजा मधे सोडायची नव्हती.

"बसला खिडकी मिळाली होती का गं, गेलीस तेव्हा?"

"नवापूर गेलं तरी उभीच होते. सोनगडला मिळाली."

"मग सोनगडपासून सांग," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "काय काय दिसतं ते सगळं सांग."